मुंगसाच्या नावात हंस कसा शिरला?

आजचा धागा एका शब्दाचा आहे. नेहमीपेक्षा लांब आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

१६९८ साली लंडनमध्ये जॉन फ्रायर या शल्यवैद्याचे भारत आणि इराणच्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शिवकालाच्या अभ्यासकांना हे नाव नवे नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेला हा तरुण वैद्य १६७३च्या अखेरीस मुंबईत उतरला, सुरतेच्या वखारीत राहिला, १६७५मध्ये मोगल अंमलदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला गेला, पुढे कारवार-गोव्याकडेही हिंडला. हेन्री ऑक्झिंडेनच्या रायगडावरील वकिलातीचा वृत्तान्त त्याच्या पुस्तकात आहे आणि राज्याभिषेकावर लिहू पाहणारा प्रत्येक विद्यार्थी ती पाने उलटतोच. मीही त्याच पानांसाठी ते उघडले होते. परंतु आज बोलायचे आहे ते त्यातील एका किरकोळ उल्लेखाविषयी. हिंदुस्थानात पाहिलेल्या एका लहानशा प्राण्याचे नाव फ्रायर सांगतो आणि घरच्या वाचकाला तो कळावा म्हणून त्याची तुलना फेरेटशी करतो. फेरेट म्हणजे सशांच्या बिळात सोडण्यासाठी युरोपात पाळला जाणारा, लांबट अंगाचा प्राणी. फ्रायरने दिलेले नाव होते ‘मॉन्गूस’.

हे इंग्रजी कोशांत नोंदले गेलेले या शब्दाचे अगदी आरंभीचे दर्शन होय. आज जगभर हाच शब्द चालतो. त्याचे स्पेलिंग पाहा: एम, ओ, एन, जी, ओ, ओ, एस, ई. शेवटची पाच अक्षरे वेगळी काढली, तर ‘गूस’ हा पूर्ण इंग्रजी शब्द हाती येतो. गूस म्हणजे पाळीव हंस. चार पायांच्या, सापाशी झुंजणाऱ्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या नावात हा पक्षी आला कोठून? आणि त्याहून अवघड प्रश्न: हा शब्द मराठीने इंग्रजीला दिला, असे आपण अभिमानाने सांगतो, त्यातले किती खरे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. युरोपला हा प्राणी अगदीच अपरिचित नव्हता. नाईलकाठी राहणारी त्याची एक जात ग्रीक लेखकांना ठाऊक होती. माग काढणारा, या अर्थाने ग्रीकांनी तिला ‘इक्न्यूमन’ म्हटले. अंगाला चिखल थापून, चिलखत चढवल्यासारखा तो सापाशी लढतो, मगरीच्या उघड्या जबड्यात शिरतो, अशा अद्भुत कथा प्लिनीसारख्या रोमन लेखकांनी सांगून ठेवल्या. म्हणजे विद्वान इंग्रजाजवळ या प्राण्यासाठी एक भारदस्त ग्रंथस्थ शब्द तयार होता. तरीही टिकला तो बाजारात ऐकलेला शब्द. ‘इक्न्यूमन’ आज इंग्रजीत मुख्यतः एका जातीच्या गांधीलमाशीसाठी उरला आहे. ग्रंथातल्या शब्दाला बाजारातल्या शब्दाने हरवावे, हे भाषेच्या इतिहासात फार वेळा घडते; पण येथे ते अगदी डोळ्यांसमोर घडताना दिसते.

त्याहीपूर्वी भारतीय मुंगूस युरोपात पोहोचले होते, पण नाव आणि रूप दोन्ही हरवून. पंचतंत्रातली गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवणारे मुंगूस, त्याच्या तोंडाला लागलेले रक्त, आणि आईने उतावीळपणे केलेला घात. ही कथा पहलवीतून आठव्या शतकात अरबीत गेली, तेव्हा ‘कलीला व दिम्ना’मध्ये मुंगसाची जागा त्याच्या दूरच्या भाईबंदाने, विझलने घेतली. आणखी पश्चिमेला जाता जाता तो प्राणी कुत्रा झाला आणि साप पुष्कळदा लांडगा झाला. वेल्समध्ये बेडगेलर्ट नावाच्या गावी अशाच एका स्वामिनिष्ठ कुत्र्याची समाधी दाखवतात. ज्या देशात मुंगूस नाही, तेथे त्याची गोष्ट राहिली, मुंगूस मात्र राहू शकले नाही. नावाला पोहोचण्यासाठी त्या देशाच्या माणसांना येथे यावे लागले.

आणि ती आली तेव्हा प्रत्येकाला ‘मुंगूस’च ऐकू आले असे नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला. त्याचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात सर्पविषावरच्या लाकडाची चर्चा करताना तो सिंहलद्वीपातल्या, सापाशी लढणाऱ्या लहान प्राण्याचा उल्लेख करतो, पण नाव देतो ‘क्विल’ किंवा ‘क्विरपेले’. हा तमिळ ‘कीरी’, ‘कीरिप्पिळ्ळै’. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी श्रीलंकेत जवळजवळ वीस वर्षे अडकून पडला होता. सुटून गेल्यावर १६८१मध्ये त्याने पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातले या प्राण्याचे नाव तेथल्या सिंहली ‘मुगटिया’चे रूप आहे. म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपीय कागदांवर या प्राण्याची निदान तीन नावे एकाच वेळी वावरत होती. त्यातले कोणते टिकेल, हे तेव्हा कोणालाच सांगता आले नसते.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. हिंदीत नेवला, गुजरातीत नोळियो. दोन्ही संस्कृत ‘नकुल’चे वंशज. बंगालीत बेजी. तमिळ-मलयाळमकडे कीरी. मराठी आणि कोकणीत मुंगूस, कन्नडमध्ये मुंगुसी किंवा मुंगिसी, तेलुगूत मुंगिस. इंग्रजांची पहिली मोठी वखार सुरतेला. केवळ तेथेच हा शब्द त्यांच्या कानी पडला असता, तर आज जग मुंगसाला ‘नोल’सारखे काहीतरी म्हणत असते. कलकत्त्यात पडला असता तर कदाचित ‘बेजी’. तसे झाले नाही. शब्द घेतला गेला तो दख्खनच्या पट्ट्यातून, एवढे या नकाशावरून निश्चित म्हणता येते.

येथेच एक कबुली द्यायला हवी. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना मी ‘मराठीने इंग्रजीला दिलेले शब्द’ असा एक छोटा धागा लिहिला होता आणि त्यात मुंगूस अग्रभागी ठेवले होते. कोशात मराठीचे नाव छापलेले होते. मला तेवढे पुरले. दुसऱ्याच दिवशी सोलापूरकडच्या एका वाचकाने एका ओळीत विचारले की, आमच्या घरी आजी मुंगुसी म्हणते, ते कोणी कोणाला दिले? मला उत्तर देता आले नाही. त्या धाग्याला मिळालेल्या शाबासक्यांपेक्षा तो प्रश्न जास्त काळ सोबत राहिला. हा धागा खरे तर त्याच प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

व्युत्पत्तीच्या अभ्यासकांचा बहुतांश कौल असा की, हा शब्द मुळात द्राविड असावा. पाली-प्राकृतातही ‘मंगुस’ अशा रूपाचा शब्द याच प्राण्यासाठी आढळतो, आणि तो संस्कृतातून सरळ उतरलेला नाही. संस्कृतात त्याचे मूळ शोधण्याचे प्रयत्न झाले, पण ते कोशकारांनाच संशयास्पद वाटले. म्हणजे ‘नकुल’ची परंपरा उत्तरेत चालू राहिली आणि दख्खनेत एक जुना देशी शब्द भाषांच्या सीमा ओलांडून सगळ्यांचा झाला. मराठी आणि कन्नड शेकडो वर्षे शेजारी आहेत. शेजाऱ्यांत भांड्यांची देवाणघेवाण व्हावी, तसे हे शब्द. कोणते भांडे मुळात कोणाचे, हे दर वेळी तळाशी कोरलेले नसते.

मग इंग्रजी कोशकार मराठीचेच नाव का घेतात? मला वाटते, याचे सर्वांत चांगले उत्तर खुद्द त्या स्पेलिंगमध्ये आहे. एखादा जुना ताम्रपट वाचावा तसे ते अक्षर-अक्षर वाचून पाहू.

पहिले, मधले दोन ‘ओ’. इंग्रजीत ही जोडी दीर्घ ‘ऊ’ दाखवते: मून, स्पून, फूल. तेलुगू ‘मुंगिस’मध्ये त्या जागी ऱ्हस्व ‘इ’ आहे आणि शेवटी स्वर आहे. कन्नड रूपांच्या शेवटी ‘इ’ आहे. मराठी ‘मुंगूस’मध्ये मात्र उपान्त्य ‘ऊ’ दीर्घ आहे आणि शेवटचा ‘स’ उच्चारात व्यंजनान्त आहे. इंग्रजी शब्दाचा उत्तरार्ध या रूपाशी नेमका जुळतो. आपल्याकडे दीर्घ ‘ऊ’ फक्त मूळ रूपात असतो, हेही लक्षात घ्या. माणूस पण माणसाचा, कापूस पण कापसाचा, तसे मुंगूस पण मुंगसाचा. इंग्रजांच्या कानी पडले ते वाक्यातले विभक्तियुक्त रूप नव्हे. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला मिळालेले सुटे उत्तर होते. विचारणारा कोण आणि सांगणारा कोण, याचा कागद आपल्याजवळ नाही, पण त्या उत्तराचा स्वर तीन शतके त्या दोन ‘ओ’मध्ये जपून राहिला आहे.

दुसरे, पहिले अवयवाक्षर. येथे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हा शब्द पुष्कळदा ‘यू’ने लिहिला जाई: एम, यू, एन, जी. हा ‘यू’ म्हणजे आपला ‘उ’ समजायचा का? तसे वाटते खरे, परंतु त्या काळचे हिंदुस्थानातले इंग्रज आपल्या ‘अ’साठीही ‘यू’च लिहीत. पंडितच्या जुन्या स्पेलिंगमध्ये ‘यू’ आहे, पंचच्या स्पेलिंगमध्ये आजही आहे. तेव्हा ‘यू’ने लिहिलेला शब्द मुंगूस असेल किंवा मंगूसही असेल. मराठीत दोन्ही उच्चार होते. कोशांत ‘मंगूस’ रूपही नोंदलेले आहे आणि प्राकृत ‘मंगुस’ त्याच्याशी जुळते. या एका अक्षरावर मी पैज लावणार नाही.

आणि ‘यू’चा ‘ओ’ कसा झाला? याला इंग्रजीतली एक जुनी लेखनिकांची सवय कारण असू शकते. मध्ययुगीन हस्तलिखितांत एम, एन, यू ही अक्षरे सारख्याच उभ्या रेघांची असत. ती एकापुढे एक आली की नुसते कुंपण दिसे. कोणते अक्षर कोठे संपले ते कळेना. म्हणून लेखनिक ‘यू’च्या जागी गोल ‘ओ’ लिहू लागले. सन, मंक, टंग, हनी या शब्दांत उच्चार वेगळा आणि लेखन ‘ओ’ने, ते या सवयीमुळे. मॉन्गूसच्या वेळेपर्यंत छपाई येऊन दोन शतके लोटली होती, तेव्हा रेघांची अडचण उरली नव्हती. पण ‘एम’ आणि ‘एन’ यांच्यामध्ये ‘ओ’ लिहिण्याची वळणे हाताला लागलेली होती. गंमत पुढे आहे. एकदा ‘ओ’ कागदावर स्थिर झाला, तेव्हा हा प्राणी कधी न पाहिलेल्या वाचकांनी तो जसा दिसतो तसा वाचला. लाँग, साँग, तसे मॉन्ग. लेखनाने उच्चार बदलला. आज एखादा इंग्रज ‘मॉन्गूस’ म्हणतो, तेव्हा तो कोणा लेखनिकाची सवय उच्चारत असतो.

तिसरे, शेवटचा ‘ई’. हा अगदी मूक आहे. मग तो हवाच कशाला? इंग्रजीत शब्दाच्या शेवटी नुसता ‘एस’ आला की वाचकाला अनेकवचनाचा भास होतो. त्यामुळे हाऊस, हॉर्स, पर्स यांच्या शेवटी एक मूक ‘ई’ पहारेकऱ्यासारखा उभा असतो: हा ‘एस’ शब्दाचाच आहे, अनेकवचनाचा नव्हे. पहारेकरी असूनही कधीकधी घात होतोच. वाटाण्यासाठी जुना इंग्रजी शब्द ‘पीज’ होता, तो एकवचनीही होता. लोकांनी त्याला अनेकवचन समजून त्यातून ‘पी’ हे नवे एकवचन पाडले. चेरीचेही असेच, तिच्या मूळ नॉर्मन फ्रेंच नावाच्या शेवटी ‘स’ होता. मॉन्गूसचे लेखन काही ठिकाणी ‘ई’विना, नुसत्या ‘एस’ने झालेले आहे. ते रूढ झाले असते, तर ‘एक मॉन्गू, दोन मॉन्गूस’ असे झाले नसते कशावरून? जर्मनमध्ये आज अगदी असेच दिसते. तेथे एक ‘मुंगो’ आणि अनेक ‘मुंगोस’. आपला ‘स’ तेथे बहुवचनाच्या कामाला लागला.

इंग्रजीत तो वाचला, पण त्याची किंमत म्हणून हंस मिळाला. दोन ‘ओ’, एक ‘एस’, एक ‘ई’ आणि त्यांच्या आधी ‘जी’. इतकी अक्षरे ओळीने आली की इंग्रजी डोळ्याला तेथे ओळखीचा शब्द दिसणारच. अनोळखी ध्वनींत ओळखीचा शब्द शोधण्याच्या या प्रवृत्तीला भाषाशास्त्रज्ञ लोकव्युत्पत्ती म्हणतात. स्पॅनिश ‘कुकाराचा’ इंग्रजीत गेला आणि ‘कॉक-रोच’ झाला, म्हणजे एक कोंबडा आणि एक मासा मिळून झुरळ. फ्रेंच ‘क्रेव्हीस’ गेला आणि त्याच्या शेवटी ‘फिश’ उमटला. आपली घूस इंग्रजीत ‘बँडिकूट’ आहे; मूळ तेलुगू ‘पंदिकोक्कु’, डुक्कर-उंदीर. आपणही काही मागे नाही. ‘हू कम्स देअर’चे ‘हुकुमदार’ आपल्याच बोलीत झाले.

या प्रवृत्तीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका कोशाच्या नावातच आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानी इंग्रजीचा कोश १८८६मध्ये प्रसिद्ध केला; नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. ताबुतांच्या मिरवणुकीतला ‘या हसन! या हुसेन!’ हा शोकघोष ब्रिटिश शिपायांना दोन इंग्रजी आडनावांसारखा ऐकू आला, त्याचे हे नाव. या कोशात मुंगूस आहेच. मुख्य नोंद ‘यू’ने केली आहे आणि शब्द तेलुगूचा म्हणून सांगून शेजारी मराठी रूपही दिले आहे. माझ्या जुन्या धाग्यात मी त्या नोंदीचा दुसरा अर्धाच भाग वाचला होता, हे आता उघड आहे.

हंसाने पुढे आणखी एक पेच निर्माण केला. इंग्रजीत एक गूस, अनेक गीस. मग एक मॉन्गूस आणि अनेक? उत्तर सरळ आहे: मॉन्गूसेस. गूस आणि गीस हा स्वरबदल प्राचीन जर्मानिक वारसा आहे. परदेशातून आलेल्या मुंगसाचा त्या वारशावर हक्क नाही. तरीही ‘मॉन्गीस’ म्हणणारे इतके आहेत की काही कोशांनी त्यालाही पंगतीच्या टोकाला पाट मांडून दिला आहे. यावर एक जुना विनोद आहे. एका गृहस्थाला दोन मुंगसे मागवायची होती. ‘कृपया दोन मॉन्गूसेस पाठवा’ लिहिले, खोडले. ‘मॉन्गीस’ लिहिले, तेही खोडले. अखेर लिहिले, ‘कृपया एक मॉन्गूस पाठवा. ता. क. सोबत आणखी एक पाठवावे.’

शब्द मराठीतून थेट इंग्रजीत गेला की पोर्तुगीजांच्या मध्यस्थीने, यावर कोशकारांत मतभेद आहेत. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज शंभर वर्षे आधी आलेले, आणि अनेक शब्द त्यांच्या हातून इंग्रजीत गेले हे खरे. तथापि युरोपातली भावंडे पाहा: पोर्तुगीज मांगुश्तू, स्पॅनिश मांगोस्ता, इटालियन मांगुस्ता, फ्रेंच मांगूस्त, रशियन मंगूस्त. सगळ्यांच्या अंगी एक ‘त’ आहे, जो आपल्याकडे कधीच नव्हता. इंग्रजीत तो नाही. म्हणून माझा कल थेट उसनवारीकडे आहे. हा पुरावा निर्णायक नाही, पण त्या दोन ‘ओं’शी तो जुळतो.

शास्त्रीय नावांत या शब्दाने जो गोंधळ घातला, त्याची कथा थोडक्यात सांगतो. सापाने दंश केला की मुंगूस जंगलात जाऊन एक मुळी खाते आणि विष उतरवते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. संस्कृतात ‘नाकुली’ नावाची वनस्पती याच समजुतीतून आली. एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याने १७१२च्या आपल्या ग्रंथात ‘मुंगो’च्या मुळीचे वर्णन केले आणि लिनियसने १७५३मध्ये एका वनस्पतीला ‘ओफिओऱ्हायझा मुंगोस’ असे नाव दिले. ओफिओऱ्हायझा म्हणजे सर्पमूळ. अशा रीतीने आपला शब्द एका झाडाला चिकटला. वस्तुस्थिती अशी की, मुंगसाला मुळीची गरज नसते. चपळाई आणि फुलवलेले दाट केस त्याच्या कामी येतातच. शिवाय त्याच्या स्नायूंवरील ज्या ग्राहकांना नागाचे विष चिकटायचे, त्यांची घडणच वेगळी असते, हे १९९०च्या दशकातील संशोधनात दिसून आले.

दुसरी गंमत प्राण्याची. ज्याच्या शास्त्रीय नावात आपला शब्द दोनदा येतो, तो ‘मुंगोस मुंगो’ आफ्रिकेत राहणारा, पाठीवर पट्टे असलेला प्राणी आहे. भारतात तो नाही. आपल्या शेतातल्या करड्या मुंगसाला मात्र शास्त्रज्ञ आधी ‘हर्पेस्टिस’ म्हणत आणि आता ‘उर्वा’ म्हणतात. (आणि ‘विग्ना मुंगो’ या नावातला मुंगो आपल्या मुगावरून आला आहे, मुंगसावरून नव्हे. त्यातही विनोद असा की ते शास्त्रीय नाव मुगाचे नसून उडदाचे आहे. हे विषयांतर झाले, पण सांगितल्यावाचून राहवले नाही.)

१८९३ हे वर्ष या शब्दासाठी भाग्याचे ठरले. त्या वर्षी जुलैत आर्थर कॉनन डॉयलची ‘द क्रुकेड मॅन’ ही शेरलॉक होम्सची कथा आली. खोलीतल्या ठशांवरून होम्स एका अनोळखी प्राण्याचा अंदाज बांधतो आणि शेवटी तो हिंदुस्थानातून आणलेला मॉन्गूस निघतो. कथेतला म्हातारा सांगतो की कोणी याला मॉन्गूस म्हणतात, कोणी इक्न्यूमन. म्हणजे बाजारातला शब्द आणि ग्रंथातला शब्द तोवर शेजारी बसलेले होते. चारच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, रडयार्ड किपलिंगची ‘रिक्की-टिक्की-टावी’ एका मुलांच्या मासिकात आली आणि पुढच्या वर्षी ‘द जंगल बुक’मध्ये. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या पिढ्या त्या कथेवर वाढल्या आणि इक्न्यूमन मागे पडला. किपलिंगचा जन्म मुंबईचा, पण कथा घडते बिहारमधल्या सुगौलीच्या छावणीत. तेथे लोक या प्राण्याला नेवला म्हणतात. बिहारच्या नेवल्याला दख्खनचे नाव मिळाले आणि त्याच नावाने तो जगाला माहीत झाला. आणखी एक योगायोग: डॉयलच्या कथेतल्या मुंगसाचे नाव टेडी, आणि किपलिंगचा मुंगूस ज्या मुलाला वाचवतो त्याचेही नाव टेडीच.

या कथा छापल्या जात होत्या तेव्हा खरी मुंगसे जहाजांत बसून बरीच दूर गेलेली होती. जमैकातील उसाच्या मळ्यांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. १८७२मध्ये डब्ल्यू. बी. एस्प्यूट या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागवली; चार नर, पाच माद्या. उंदीर कमी झाल्याचे वृत्त पसरले आणि त्यांची संतती कॅरिबियन बेटांवर एकामागून एक नेली गेली. १८८३मध्ये जमैकाहून बहात्तर मुंगसे हवाई बेटांवर पोहोचली. उंदीर बहुधा रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा, हा हिशेब कोणी केला नव्हता. मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, सरडे, साप यांचा फडशा पाडला. मळ्याचा रक्षक म्हणून आलेला प्राणी पन्नास वर्षांच्या आत उपद्रवी ठरला. त्याने कोणाचा विश्वासघात केला नव्हता. तो मुंगसासारखाच वागत होता.

हवाईयन भाषेत ‘स’ नाही आणि शब्द व्यंजनाने संपत नाही. तेथे आपला शब्द ‘मानाकुके’ झाला. म, न, क एवढीच व्यंजने उरली. दख्खनपासून तेथवर येताना बाकीचे सर्व गळाले.

जपानमध्ये उलटे झाले. १९१०मध्ये विषारी हाबू सापांच्या बंदोबस्तासाठी ओकिनावा बेटावर मुंगसे सोडली गेली आणि १९७९च्या सुमारास आमामी ओशिमा बेटावरही. हाबू निशाचर, मुंगूस दिनचर, तीच चूक. आमामीच्या जंगलात एक दुर्मीळ काळा ससा राहतो, जो जगात तेथे आणि शेजारच्या एका बेटावरच आढळतो. मुंगसांनी तो गाठला. मग सापळे, प्रशिक्षित कुत्री, कॅमेरे असा बंदोबस्त वर्षानुवर्षे चालला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये जपान सरकारने आमामीवरून मुंगूस पूर्णपणे हटवल्याचे जाहीर केले.

जपानी लिपीत हंस लिहिता येत नाही. दोन ‘ओ’, मूक ‘ई’, यांतले काहीच तेथे नाही. कानाला जे ऐकू येते तेच उतरते. त्या घोषणेत प्राण्याचे नाव होते ‘मांगूसु’.